घरी राहिलेल्याचा वाटा

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची ही कढीपत्त्याची कुंडी आधी जरा बाजूला सरकवा, म्हणजे मला मोकळं बोलता येईल. हां, असं. आता बघा माझ्याकडे. मी मटण तोडायचा ठोकळा आहे, अस्सल चिंचेच्या लाकडाचा. वय सत्तेचाळीस. मुक्काम हौगांग, सिंगापूर, सातवा मजला, स्वयंपाकघराची खिडकी. अंगावर सत्तुराचे इतके वार आहेत की मोजायला बसलात तर तुमची शाळा सुटेल आणि पुन्हा भरेल.

माझा जन्म आजऱ्याजवळच्या एका गावातला, घाटाच्या तोंडाशी. मी ज्या झाडाचा, त्या झाडाखाली एक पट्टेरी वाघ रोज दुपारी मुळावर डोकं ठेवून घोरायचा आणि वरून चिंच पडली की शिंकायचा, असं साधनाआजी सांगायच्या. खरं सांगतो, ती पाटलांची म्हैस होती. पण आजींनी वाघ म्हटलं की मीही वाघच म्हणतो. त्यांचं मीठ माझ्या अंगात मुरलंय.

एका वावटळीत ते झाड पडलं. पद्माकरआजोबा तेव्हा विशीतले, मिशी नुकती फुटलेली. त्यांनी सुताराकडून बुंध्याचा एक गोल काप काढून घेतला, हातभर रुंद, वीतभर जाड. महिनाभर मला मिठाच्या पाण्यात बुडवलं, सावलीत वाळवलं, मग गोडेतेल पाजलं. मी तेल पीत गेलो आणि आजोबांची आई ओरडत गेली, की ह्या लाकडाला घरातल्या माणसांपेक्षा जास्त तेल लागतं.

त्या काळी परवान्याने शिकार चालायची. भात निसवलं की रानडुकरं रात्रीतून शेतं उकरून टाकायची, आणि मग दहा-बारा जण बंदुका आणि कुत्री घेऊन रानात जायचे. शिकार मिळाली की ती आमच्याच परड्यात यायची. आधी पेंढ्याच्या जाळावर केस भाजायचे, मग गरम पाणी ओतून कातडी खरवडायची, पांढरी होईपर्यंत. मग आजोबा पोट उघडायचे. पित्ताची पिशवी फुटली तर सगळं मटण कडू, म्हणून त्या वेळी कुणी बोलायचं नाही, कुत्रीसुद्धा गप्प बसायची. पिशवी आजोबांच्या हातून एकदाही फुटली नाही. मी साक्षीला आहे.

आणि मग वाटे. केळीची पानं मांडली जायची, आणि पहिला वाटा निघायचा घरी राहिलेल्याचा. गावात जो कुणी आजारी असेल, बाळंतीण असेल, पाय मोडून पडला असेल, ज्याला रानात येता आलं नाही, त्याचा. काळजाचा एक तुकडा त्यात जायलाच हवा. तो निघाल्यावर मग नेम मारणाऱ्याचा, हाका घालणाऱ्यांचे, कुत्र्यांचा. आणि हा पहिला वाटा पोचवायची रीतही ठरलेली होती. नुसतं मटण दारात ठेवून परत यायचं नाही. उंबऱ्याच्या आत बसायचं आणि शिकारीची सगळी हकीकत सांगायची, कुठून उठलं, कुणाचा नेम चुकला, कोण झाडावर चढलं. आजोबांचे वडील म्हणायचे, "गोष्ट नाही सांगितली तर तो वाटा नव्हे, भीक झाली."

साधनाआजी नवी नवरी होऊन आल्या आणि पहिल्याच पावसात तापाने पडल्या. त्या वर्षीचा पहिला वाटा त्यांचा. आजोबांनी खाटेजवळ बसून खरीखरी हकीकत सांगितली. डुक्कर तीन मणांचं होतं. ताप उतरल्यावर आजी पाणवठ्यावर गेल्या, तिथे ते पाच मणांचं झालं. माहेरी गेल्या तोवर त्याला चार सुळे फुटले होते.

आजोबा म्हणाले, "अगं, चार सुळे कसे असतील?"

"दोन तुम्ही बघितले," आजी म्हणाल्या, "दोन मी."

पुढे शिकारीवर बंदी आली. बंदूक जमा झाली. आजोबांनी कायदा मोडला नाही, कुरकूरही केली नाही. मी मात्र एकदम रिकामा झालो. रविवारची कोंबडी आणि उन्हाळ्यात फणस, एवढंच माझ्या नशिबी उरलं. फणसाच्या चिकाने माझी काय दशा व्हायची ते विचारू नका. अशी तीस वर्षं गेली.

मग संजीव, म्हणजे आजोबांचा मुलगा, सिंगापूरला बँकेत लागला. तो, त्याची बायको उल्का आणि आठ वर्षांची गार्गी हौगांगला राहायचे. दोन हजार दोन साली त्यांनी आजी-आजोबांना बोलावून घेतलं. विमानात एका माणसाला वीस किलो सामान नेता यायचं आणि मी भरलो बावीस. सगळे म्हणाले, ठेवा तो ठोकळा इथेच. आजोबा मला सुताराकडे घेऊन गेले आणि खालून दोन बोटं तासून आणलं. आता मी अठरा. उरलेल्या दोन किलोत आजोबांचे कपडे. म्हणजे बघा, सिंगापूरला यायला मला माझं अंग द्यावं लागलं आणि आजोबांना त्यांचा कोट.

इथे आलो आणि एक गंमत झाली. मला धुऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये वाळत ठेवलं होतं. शेजारचे सेंग अंकल लिफ्टमधून उतरले आणि माझ्यासमोर थांबले. त्यांनी तीस वर्षं मार्केटात मासळीचा गाळा चालवलेला. खाली वाकून त्यांनी माझ्यावर बोटाच्या पेरांनी ठकठक केलं, जसं तुम्ही कलिंगडावर करता.

"अंकल, धिस वन व्हेरी गुड वुड, आह," ते आजोबांना म्हणाले, आणि आत जाऊन आपला ठोकळा घेऊन आले. गोल, जाड, मधोमध खोलगट झालेला. तासभर दोघं म्हातारे कॉरिडॉरमध्ये बसून एकमेकांच्या ठोकळ्यांवर हात फिरवत होते. आजोबांचं इंग्रजी अर्धं, अंकलना मराठी शून्य. तरी संध्याकाळपर्यंत ते आजोबांसाठी सेंगभाऊ झाले होते.

सेंगभाऊंचा थोरला भाऊ पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोरमध्ये राहायचा, पामच्या बागांना लागून. तिथे रानडुकरं कोवळी झाडं मुळासकट उपटायची, म्हणून परवानेवाले शिकारी महिन्यातून एखाद्या रविवारी बागेत उतरायचे आणि शिकार ह्या भावाच्या घरामागे सोलली जायची. सेंगभाऊंनी एकदा आजोबांना व्हॅनमधून नेलं. आजोबांनी बंदुकीला हात लावला नाही. पण पोट उघडायची वेळ आली तेव्हा ते पुढे झाले आणि त्यांनी पित्ताची पिशवी अशी अलगद उचलली की सगळे गप्प. त्या दिवसापासून सुरा त्यांच्याच हातात. परक्या ठोकळ्यावर ते तोडायचे नाहीत, म्हणून मीही जायला लागलो, बाजाराच्या दोन चाकांच्या ट्रॉलीत बसून. त्या ट्रॉलीवर गार्गीने फुलपाखरं चिकटवली होती. म्हणजे मी एवढा मोठा शिकारी ठोकळा आणि फुलपाखरांच्या गाडीतून चाललोय.

तिथेही आजोबांनी पहिला वाटा बाजूला काढला. लोक हसले. सेंगभाऊंनी त्यांच्या भाषेत समजावलं. मग भावाची म्हातारी सासू आठवली, दोन घरं पलीकडे, डोळ्यांनी अधू. वाटा तिच्याकडे गेला आणि भावाने तिच्याजवळ बसून हकीकत सांगितली. म्हातारी इतकी हसली की तिची कवळी निघाली. पुढे कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही.

पण मित्रांनो, खरी घरी राहिलेली तर इकडे होती. आजींचा वाटा कसा आणायचा? मटण पुलावरून सिंगापुरात आणायला बंदी. सेंगभाऊंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अंकल, मीट कॅनॉट. इव्हन वन पीस कॅनॉट." आजोबा समजले. ते तिथेच जेवायचे, मला उकळत्या पाण्याने आणि मिठाने घासायचे, आणि रिकाम्या हाताने घरी यायचे. आजी सोफ्यावर पाय वर घेऊन वाट बघत असायच्या. गार्गी शेजारी.

"हं," आजी म्हणायच्या, "केवढं होतं?"

आजोबा सगळं सांगायचे, एकही गोष्ट न वाढवता. आणि दुसऱ्या दिवशी गार्गीला झोपवताना आजी तेच सांगायच्या, वाढवून. डुक्कर टॅक्सीएवढं व्हायचं, मग डबल-डेकर बसएवढं. एकदा तर ते बिशानला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत चढलं आणि म्हाताऱ्यांच्या रिझर्व्ह सीटवर बसलं.

"आजी, कॅनॉट बी, लाह," गार्गी म्हणायची.

"का नाही? म्हातारं होतं ते. उठवणार कोण त्याला?"

सार्सच्या साथीत काही महिने जाणं बंद होतं, तेव्हा आजींनी जुन्याच गोष्टी परत वाढवल्या. ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. महिन्यातून एकदा काम, अंगाला तेल आणि घरी आल्यावर गोष्ट. ठोकळ्याला आणखी काय हवं?

दोन हजार सहा साली आजींच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते संजीवने आजोबांना खिडकीपाशी सांगितलं, माझ्याजवळ उभं राहून. म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं. आजींचं खाणं कमी होत गेलं. आधी भाकरी सुटली, मग भात. उल्का पेज करायची, तीही दोन चमच्यांवर थांबायची.

एका शनिवारी आजोबा दुसऱ्या दिवशीची तयारी करत होते, सुरा कागदात गुंडाळत होते. आजी पलंगावरून म्हणाल्या, "अहो, माझा वाटा कुठाय? चार वर्षं नुसत्या गोष्टी खातेय मी."

त्यांनी चेष्टा केली होती. त्यांचा तो आवाज मला ओळखू येतो. पण आजोबांचा हात सुऱ्यावर थांबला.

दुसऱ्या दिवशी मिळालेलं डुक्कर अगदी लहान होतं, पाठीवर अजून पिल्लाचे पट्टे पुसट दिसत होते. एरवी असलं कुणी मारत नाही, गवतातून अंदाज चुकला. आजोबांनी काळजाचा तळहाताएवढा तुकडा काढला, मीठ-हळद लावून निखाऱ्यावर भाजला, केळीच्या पानात बांधला आणि स्टीलच्या डब्यात घातला. मला घासलं, ट्रॉलीत ठेवलं. आणि डबा माझ्याखाली. सेंगभाऊ तेव्हा व्हॅन पुसत होते. त्यांना काही माहीत नव्हतं.

मी सत्तूर सोसलाय, पण तो डबा मला जड झाला.

पुलाच्या तपासणीनाक्यावर एक तरुण बाई होत्या. त्यांनी ट्रॉली उघडायला सांगितली, मला उचललं, डबा बघितला. "अंकल, व्हॉट्स इनसाइड?"

आजोबांना काहीही सांगता आलं असतं. पूजेचा प्रसाद, औषध, काहीही. आजी असत्या तर त्यांनी त्या बाईंना अशी गोष्ट सांगितली असती की त्यांनी डब्याला नमस्कार केला असता. पण आजोबांना आयुष्यात वाढवून सांगता आलं नव्हतं. ते म्हणाले, "माय वाइफ्स शेअर."

"हिज वाइफ व्हेरी सिक," सेंगभाऊ हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

त्या बाईंनी आवाज चढवला नाही. "सॉरी, अंकल. कॅनॉट." त्यांनी पान उचलून टाकायच्या पिंपात टाकलं. दोघांची नावं लिहून घेतली, व्हॅनचा नंबर लिहून घेतला आणि ताकीद देऊन सोडलं. डबा त्यांनी धुऊन परत दिला. तो धुतलेला डबा आजोबांनी घरापर्यंत मांडीवर धरला होता.

हौगांगला व्हॅन थांबली तेव्हा आजोबा म्हणाले, "सेंगभाऊ, युवर व्हॅन, युवर नेम. आय डिड राँग."

"नेक्स्ट टाइम, टेल मी फर्स्ट," सेंगभाऊ म्हणाले. बस, एवढंच. पण आजोबांनी मनात ठरवून टाकलं होतं की आता नेक्स्ट टाइम नाही.

वर आलो. आजींनी त्या दिवशी उल्काकडून केस विंचरून घेतले होते. पलंगावरून उठून सोफ्यावर येऊन बसल्या होत्या, मागे दोन उशा. गार्गी शेजारी.

"हं," आजी म्हणाल्या. "केवढं होतं?"

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "काही नाही. आज शिकार झालीच नाही."

आणि ते हात धुवायला आत गेले. नळ बराच वेळ चालू होता.

आता मी कसा होतो ते सांगतो. मी ओला होतो, मित्रांनो. शिकार झाली नाही तर मी जसा जायचो तसाच कोरडा परत यायचो. शिकार झाली की घासलेला, ओला, मिठाचा वास येणारा. आजींनी ट्रॉलीत हात घालून माझ्यावर तळवा ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आजी, हाऊ बिग?" गार्गीने विचारलं. तिला वाटलं, आता गोष्ट सुरू होणार.

"माहीत नाही गं," आजी म्हणाल्या. "मला सांगितलंच नाही."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा काहीही न वाढवता बोलताना ऐकलं.

आजोबा बाहेर आले, पेज भरवायला बसले. आजींनी दोनऐवजी तीन चमचे घेतले. विचारलं मात्र काही नाही. नवव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

आजोबांनी मला स्टोअररूममध्ये ठेवलं, जुन्या पंख्यामागे. सेंगभाऊ दोन-तीनदा येऊन गेले, आजोबा दाराबाहेर उभं राहूनच बोलले. मला तेल कुणी लावलं नाही. लाकूड कोरडं पडलं की काय होतं ते तुम्हाला माहीत नसेल. आधी कडा पांढऱ्या पडतात. मग एका दुपारी, कुणी हातही न लावता, काड असा आवाज होतो. ही बघा माझी भेग, काठापासून मध्यापर्यंत. ही सत्तुराने पडलेली नाही.

तीन वर्षं गेली. गार्गी पंधराची झाली. उल्काला कढीपत्त्याच्या कुंडीखाली काहीतरी उंच हवं होतं, म्हणून गार्गीने मला ओढून काढलं आणि इथे खिडकीत ठेवलं. कुंडीला पाणी घातलं की थोडं माझ्या भेगेत झिरपतं. तेल नाही, पण पाणी तरी. आजोबा रोज सकाळी पाणी घालायला येतात. कुंडीकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत.

गेल्या रविवारची गोष्ट. आजोबा पाणी घालत होते. गार्गी टेबलावर अभ्यास करत होती. डोकं वर न करता तिने विचारलं, "आजोबा, त्या दिवशी किती मोठं होतं?"

आजोबांच्या हातातलं तांब्याचं भांडं तिरकं झालं. "कुठल्या दिवशी?"

"लास्ट टाइम. आजी होती तेव्हा."

"त्या दिवशी शिकार झाली नव्हती."

"ठोकळा वेट होता, आजोबा. आजी म्हणाली मला. यू सी, ओला आहे, म्हणजे झाली शिकार. आजोबा खोटं बोलले."

आजोबा भांडं घेऊन तसेच उभे. पाणी कुंडीतून माझ्यावर, माझ्यावरून फरशीवर.

"काय म्हणाली ती आणखी?"

गार्गीने पेन खाली ठेवलं. "म्हणाली, आजोबांना वाटतं, मी आता गोष्ट ऐकण्यापुरतीही उरले नाही."

आजोबा स्टूल ओढून बसले. मग त्यांनी गार्गीला सगळं सांगितलं. डबा, पान, पिंप, सेंगभाऊंचा चेहरा. "मला लाज वाटली गं," ते म्हणाले. "वाटा आणता आला नाही. मग गोष्ट कुठल्या तोंडाने सांगू?"

मी ओरडलो, मित्रांनो. लाकडाने जेवढं ओरडता येतं तेवढं. अहो, गोष्ट हाच तिचा वाटा होता ना. चार वर्षं तोच तर खात होती ती. तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं, विसरलात?

ते त्यांना ऐकू आलं की आपलं आपणच आठवलं, मला ठाऊक नाही. पण आजोबांनी कुंडी उचलून खाली ठेवली. तळव्याने माझ्यावरची माती पुसली. भेगेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उल्काला हाक मारून गोडेतेल मागितलं.

तेल माझ्या भेगेत उतरत होतं. आजींचा फोटो समोर, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर. आजोबा त्या फोटोकडे बघून बोलायला लागले, आणि मला माझ्या कानांवर विश्वास बसेना, ठोकळ्याला कान नसले तरी.

"केवढं होतं सांगू? आपल्या लिफ्टमध्ये मावलं नसतं. सुळे चार."

गार्गी उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"चार कसे असतील, आजोबा?" तिने विचारलं.

"दोन मी बघितले," ते म्हणाले.

मग त्यांनी फोटोकडे बोट केलं. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

तेव्हा मित्रांनो, घरात लाकडाचा ठोकळा असेल तर त्याला पाण्यात भिजत टाकू नका, महिन्यातून एकदा तेल पाजा, आणि तेल नसेल तर निदान हात फिरवा. आणि बाहेरून घरी आलात की जो घरी राहिलाय त्याच्याजवळ बसा. हातात काही नसलं तरी बसा, आणि केवढं होतं ते सांगा. तो डोळे लावून बसलेला असतो. लहान असेल तर थोडं वाढवून सांगितलंत तरी चालेल.

आता ती कुंडी परत ठेवा. हळू. डावीकडे ठेवा, तेल लावलेली बाजू उघडी राहू दे.